कात्री, शर्ट आणि स्कोअर

माझे वडील शिंपी होते. दुकानाच्या पाटीवर 'टेलर', आमच्या घरच्या बोलीत 'दर्जी'. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडकडून बाजारपेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे आठ बाय दहाचे दुकान होते. एक पायमशीन, एक कोळशाची इस्त्री, भिंतीला टांगलेली फूटपट्टी आणि एक मोठी काळी कात्री. त्या कात्रीला आम्हा भावंडांना हात लावायची परवानगी नव्हती. कागद कापला की कात्रीची धार जाते, असे अब्बा म्हणायचे.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजीच्या तासाला सरांनी घराविषयी दहा वाक्ये लिहायला सांगितली. मी लिहिले, 'माय फादर कट्स क्लोद्स.' सरांनी ते मोठ्याने वाचले आणि विचारले, "कुणाचे?" वर्ग हसला. मीही हसलो. सर स्वभावाने चांगले होते. त्यांनी समजावून सांगितले, 'क्लॉथ' म्हणजे कापड, 'क्लोद्स' म्हणजे शिवलेले कपडे. कापड कापणारा शिंपी, कपडे कापणारा उंदीर! वर्ग पुन्हा हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "सर, यांच्यात कापायचंच काम असतं." वर्ग तिसऱ्यांदा हसला. या वेळी मी हसलो नाही.

घरी आल्यावर अब्बांना अर्धीच गोष्ट सांगितली, क्लॉथ आणि क्लोद्सची. ते खडूने कापडावर रेघा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "पण तू 'कापतो' असं लिहिलंसच कशाला? कापड आपण कापत नाही, बेततो. कापलेलं जुळत नाही. बेतलेलं जुळतं."

त्या रात्री मी कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेला इंग्रजी शब्दकोश उघडला आणि 'कट'च्या आसपासचे शब्द शोधत बसलो. ते शोधणे आजतागायत चालू आहे. त्यातून जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मंडळी, आधी आपल्याच स्वयंपाकघरात डोकावू. आपण कांदा कापत नाही, चिरतो. सुपारी कातरतो. ऊस तोडतो, लाकूड फोडतो, फांदी छाटतो, भाजी खुडतो, काकडी चोचवतो, पेन्सिल तासतो, नखे काढतो. हत्यार बदलले, वस्तू बदलली, मनगटाची हालचाल बदलली की शब्द बदलतो. शुभ-अशुभाची भीती असेल तर शब्दाला वळसाही घालतो. देवापुढे नारळ फोडत नाही, 'वाढवतो'. एखादा परका माणूस कोश उघडून बसला, तर त्याला हे सगळे एकाच अर्थाचे शब्द वाटतील. पण 'मी सुपारी तोडतो आणि ऊस कातरतो' असे तो म्हणाला, की आपण हसू. माझा वर्ग हसला तसेच.

इंग्रजीतही हेच आहे. फरक एवढाच, की तिथल्या प्रत्येक शब्दाच्या पाठीवर इतिहासाचा एकेक शिक्का आहे. कोणता शब्द शेतातून आला, कोणता जहाजातून उतरला आणि कोणता घोड्यावर बसून आला, हे ओळखता येते.

पाचव्या शतकापासून इंग्लंडात स्थायिक झालेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या भाषेत कापण्यासाठी सर्वसाधारण शब्द 'कट' नव्हताच! तो होता 'चेओर्व्हन'. आजचा 'कार्व्ह' तो हाच. दुसरा होता 'स्नीदन'. हा प्रमाण इंग्रजीतून पार नाहीसा झाला, पण त्याचा सख्खा भाऊ जर्मन भाषेत 'श्नायडेन' म्हणून आजही नांदतो आहे, आणि जर्मनीत शिंप्याला 'श्नायडर' म्हणतात, म्हणजे कापणारा. यांच्या जोडीला शेताभातातले शब्द होते. गवत कापायचे ते 'मो', पीक कापायचे ते 'रीप', कुऱ्हाडीने घाव घालायचे ते 'ह्यू', मेंढीची लोकर उतरवायची ते 'शिअर'. गवताळ कुरणाला इंग्रजीत 'मेडो' म्हणतात, तोही या 'मो'चाच नातेवाईक. मेडो म्हणजे गवत कापायची जमीन.

मग 'कट' आला कुठून? तो १३००च्या सुमारास लिखाणात दिसू लागतो. त्याचे मूळ नक्की ठरलेले नाही. उत्तरेकडच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियन भाषांच्या बाजूने तो आला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. घराणे ठाऊक नसलेला हा पाहुणा आला आणि बघता बघता मालक होऊन बसला. 'कार्व्ह'ला त्याने मागे रेटले. एके काळी सगळे काही कापणाऱ्या 'कार्व्ह'च्या वाट्याला शेवटी दोनच कामे उरली. जेवणाच्या टेबलावर मांस कापणे, आणि लाकडावर-दगडावर कोरीवकाम करणे. जुन्या वाड्यातल्या कर्त्या पुरुषाला म्हातारपणी देवघर आणि अंगण एवढेच राहावे, तसे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीन शतके राजदरबाराची भाषा फ्रेंच झाली. सर वॉल्टर स्कॉटच्या १८१९ साली आलेल्या 'आयव्हॅनहो' कादंबरीत एक विदूषक डुकरे राखणाऱ्याला गंमत सांगतो. डुक्कर जोवर इंग्रज गुराख्याकडे असते तोवर त्याचे नाव इंग्रजी, आणि नॉर्मन सरदाराच्या ताटात गेले की फ्रेंच. कापण्याच्या शब्दांचेही बरेचसे तसेच झाले. कुऱ्हाडीचे, विळ्याचे शब्द इंग्रजी राहिले. ताटाजवळचे 'स्लाइस' आणि 'मिन्स' फ्रेंचमधून आले. खाटकाचा 'बुचर' फ्रेंच. शिंप्याचा 'टेलर'ही फ्रेंच.

या 'टेलर'पाशी मी थांबलो. फ्रेंचमधल्या 'ताइये' म्हणजे कापणे, या क्रियापदावरून हा शब्द आला. टेलर म्हणजे कापणारा. त्याच क्रियापदावरून 'रिटेल' आला. मोठ्या ताग्यातून तुकडा कापून विकायचा, म्हणून किरकोळ विक्री ती रिटेल. 'डिटेल'ही तिथलाच. एखादी गोष्ट तुकडे तुकडे करून सांगायची, म्हणजे तपशील. अब्बांच्या दुकानात कापडाचा तागा, गिऱ्हाइकाचे बारीकसारीक तपशील आणि स्वतः अब्बा असे एकाच क्रियापदाचे गोत एकत्र बसलेले असायचे, आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

पण मला जास्त आवडले ते दुसरेच. आमच्या घरातला 'दर्जी' हा शब्द फारसी आहे आणि तो 'दर्ज' या शब्दावरून आला आहे. दर्ज म्हणजे शिवण. युरोपने शिंप्याला कात्रीवरून ओळखले, फारसीने शिवणीवरून. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला द्यायचे उत्तर मला सापडले होते, पण तोवर कॉलेज सुटून चार वर्षे झाली होती.

मी मोठ्या आनंदाने हे अब्बांना सांगितले. जोडीला बाबा फरीदांची प्रसिद्ध आख्यायिकाही ऐकवली. कुणीतरी त्यांना नजराणा म्हणून कात्री आणली, तेव्हा ते म्हणाले, मला सुई दे, मी जोडणारा माणूस आहे, तोडणारा नव्हे. अब्बांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाबा फरीद मोठे वली होते, त्यांचं खरंच आहे. पण त्यांना कधी गिऱ्हाइकाचा शर्ट द्यायचा नव्हता. कात्री आधी नाही चालली, तर सुई काय शिवेल?"

शर्टावरून आठवले. मघाशी मेंढीची लोकर उतरवण्याचा 'शिअर' शब्द सांगितला. त्याचे कुटुंब मोठे आहे. 'शॉर्ट' म्हणजे कापून आखूड केलेला. 'शेअर' म्हणजे कापून दिलेला वाटा. आणि 'शर्ट' म्हणजे आखूड कापलेला अंगरखा. आठव्या शतकाच्या अखेरीपासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग इंग्लंडवर चालून येऊ लागले आणि पुढे उत्तर व पूर्व भागात वस्ती करून राहिले. त्यांच्याकडे हाच शब्द 'स्कीर्ता' असा होता. त्याचा इंग्रजीत 'स्कर्ट' झाला. शर्ट आणि स्कर्ट हा एकच शब्द. एक घरचा आणि एक बोटीतून आलेला. दोन्ही टिकले, कारण लोकांनी कामे वाटून दिली, एकाला कमरेच्या वर आणि दुसऱ्याला कमरेखाली.

याही पलीकडची गोष्ट आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे मांडले. पुढे अभ्यासकांनी शब्दांची नाती जुळवली. त्यात 'शिअर', 'शॉर्ट', 'शर्ट' यांच्या मुळाशी संस्कृतातला 'कृत्' म्हणजे कापणे, हा धातू ताडून पाहण्यात आला. या 'कृत्'वरून कर्तन, कर्तरी आणि कर्तरीवरून आपली कात्री. म्हणजे अब्बा ज्या कात्रीने शर्ट बेतायचे, ती कात्री आणि तो शर्ट हे हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले चुलत भाऊ. त्यांची भेट आमच्या आठ बाय दहाच्या दुकानात रोज होत होती.

आता इंग्लंडच्या श्रीमंतांच्या जेवणघरात जाऊ. १५०८ साली लंडनमध्ये विंकिन डी वर्ड नावाच्या मुद्रकाने एक लहानसे पुस्तक छापले, 'बुक ऑफ कार्व्हिंग'. सरदारांच्या मेजवानीत मांस कापून वाढणे हे मानाचे काम होते आणि चांगल्या घराण्यांतली मुले ते शिकत. पदार्थाला दोन बोटे आणि अंगठा याहून अधिक काही लावायचे नाही, असा त्यात दंडक आहे. पण मौज आहे ती सुरुवातीच्या यादीत. प्रत्येक प्राण्यासाठी कापण्याचे क्रियापद वेगळे! हरीण असेल तर 'ब्रेक', म्हणजे मोडायचे. हंस असेल तर 'लिफ्ट', उचलायचा. रानबदक 'अनब्रेस', सशाचे 'अनलेस', म्हणजे जणू बंद सोडायचे. बगळा 'डिसमेंबर', क्रौंच 'डिस्प्ले', मोर 'डिसफिगर'. आणि खेकडा असेल तर 'टेम'! सुरीने कापायचे सगळेच. पण हंसाला मोडतो म्हणणारा मुलगा गावंढळ ठरणार.

या यादीचे पुढे काय झाले? त्यातले बरेच शब्द इंग्रजीत आजही जिवंत आहेत, पण ताटापासून दूर गेले. 'डिस्प्ले' दुकानाच्या काचेत आणि मोबाइलच्या पडद्यावर आहे. 'डिसफिगर' म्हणजे विद्रूप करणे. मोर कापण्याशी कुणाचाच संबंध राहिला नाही. याउलट 'शिअर', 'ह्यू', 'रीप', 'चॉप' हे घामाचे शब्द आपापल्या कामाला चिकटून राहिले. मला यातून एक गोष्ट समजली. पंगतीचा शब्द पंगत उठली की उठतो. हाताचा शब्द हात राबतो तोवर टिकतो.

हाताचा शब्द कुठवर जातो पाहा. आज गल्लीतले पोरही विचारते, "स्कोअर काय झाला?" 'स्कोअर' म्हणजे मुळात सुरीने कापलेली खाच. हाही व्हायकिंगांकडून आलेला शब्द. मोजताना वीस झाले की काठीवर एक खाच, म्हणून स्कोअर म्हणजे वीसही. आपल्या जुन्या बायका साठला 'तीन विसा' म्हणायच्या, तसेच. अठराव्या शतकात इंग्लंडात क्रिकेटच्या धावाही काठीवर खाचा कापून मोजत आणि धावांना 'नॉच', म्हणजे खाचाच म्हणत.

खाचांची ही रीत केवळ खेळातली नव्हती. इंग्लंडच्या सरकारी खजिन्याचा हिशेब शतकानुशतके लाकडाच्या काठ्यांवर चालला. त्यांना 'टॅली' म्हणत. हा टॅली शब्द आपल्या टेलरचा भाऊबंदच. बाराव्या शतकात खजिन्याच्या कारभारावर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात खाचांची मापे दिली आहेत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला सातूच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक अर्धुक पैसे भरणाऱ्याकडे, दुसरे खजिन्यात. पुढे दोन्ही जोडून पाहायची. खाचा जुळल्या तर हिशेब खरा. एकाने लबाडीने एक खाच वाढवली, तरी दुसरे अर्धुक साक्षीला हजर!

ही पद्धत १८२६ साली बंद झाली. साठलेल्या काठ्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या संसदभवनाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. आग अशी भडकली, की संसदेची जवळजवळ सगळी जुनी इमारत खाक झाली. आज लंडनमध्ये दिसते ती त्यानंतर बांधलेली. काठ्या गेल्या, शब्द राहिला. आपल्याकडे वाणिज्य शाखेची मुले 'टॅली शिकतो' म्हणतात, ती हिशेबाची संगणकप्रणाली असते, पण नाव त्या चिरलेल्या काठीचेच.

आणि तो बिनघराण्याचा 'कट' स्वस्थ बसला नव्हता. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. मुंबईत चहाचा पेला अर्धा झाला तो 'कटिंग'. न्हाव्याच्या पाटीवर 'हेअर कटिंग सलून'. रिक्षावाला 'कट' मारतो. इंग्लंडात चोर आधी 'कटपर्स' होता, कारण पैशाची पिशवी कमरपट्ट्याला लोंबायची आणि तो तिची दोरी कापायचा. कपड्यांना खिसे आले तसा तो 'पिकपॉकेट' झाला, खिशातून उचलणारा. आपला 'खिसेकापू' मात्र ब्लेडवर विश्वास ठेवून आहे.

१८५२ साली पीटर मार्क रोजे या इंग्रज डॉक्टरांनी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी समानार्थी शब्दांचा 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. त्यात शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र बसवले आहेत. कवीला हे पुस्तक म्हणजे मिठाईचे दुकान. मीही त्यावर पुष्कळ वेळ घालवला. पण शिंप्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एक कळते. एका मापाचे दोन शर्ट दोन अंगांवर सारखे बसत नाहीत. समानार्थी शब्दांचेही तेच. 'कट' सगळ्यांना होतो, म्हणून तो कुणालाच नेमका होत नाही. ज्या शब्दाला सगळे कापता येते, त्यात कापणाऱ्याचा हात दिसत नाही. हात दिसला नाही, की कामही दिसत नाही, आणि मग कापणारा तेवढा नजरेत भरतो. मागच्या बाकावरचा मुलगा दुष्ट होता, असे आज मला वाटत नाही. त्याच्याजवळ एकच शब्द होता.

शेवटी माझ्या धंद्याचे सांगतो. इंग्रजीतला 'राइट', म्हणजे लिहिणे, हाही मुळात कापण्याचाच शब्द आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ ओरखडणे, खाच पाडणे. अक्षरे लाकडावर, हाडावर कोरायची, म्हणून. आपल्या 'लिहिणे'मागे असलेल्या संस्कृत 'लिख्'चा जुना अर्थही ओरखडणे, रेघ ओढणे हाच. लहानपणी मक्तबमध्ये उस्ताद बोरूच्या टोकाला चाकूने तिरका छेद द्यायचे, त्याला 'कत' म्हणत. कत नीट बसली नाही तर अक्षर उमटत नाही. तेव्हा वर्गातले ते बोलणे एका अर्थाने खरेच निघाले. आमच्यात कापायचेच काम असते. वडिलांचे कापडावर, माझे कागदावर.

अब्बा आता नाहीत. नव्वदच्या दशकात तयार कपड्यांची दुकाने वाढली, तसे त्यांचे काम आधी शाळेच्या गणवेशांवर, मग पँटची उंची कमी करण्यावर आले. कात्री माझ्या टेबलाच्या खणात आहे. कागद मी तिने कापत नाही. त्यांचा 'बेतणे' हा शब्द आता ऐकू येत नाही. तो वर्तमानपत्रात तेवढा भेटतो. 'अपघात जिवावर बेतला' नाहीतर 'सत्यघटनेवर बेतलेला चित्रपट'. कापड त्यातून निघून गेले आहे. सरदारांच्या टेबलावरच्या शब्दांचे झाले तसे एका दुकानातल्या शब्दाचे होताना मी पाहिले, आणि तो तर हाताचा शब्द होता. हातच थांबले.

कोशात 'बेतणे'साठी 'कट आउट' मिळते. त्यात कात्री आहे. पण खडूची रेघ नाही, गिऱ्हाइकाचा वाकलेला खांदा ध्यानात ठेवणे नाही, आणि पुढे हे जुळणार आहे हा भरवसाही नाही. बी.ए.च्या वर्गातल्या त्या दहा वाक्यांपैकी नऊ मी कधीच दुरुस्त केली. वडिलांविषयीचे ते एक वाक्य मला अजून इंग्रजीत लिहिता आलेले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)